नर माशीची साक्ष

पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात आम्ही दिवेलागणीच्या वेळी गोठ्याच्या आढ्याला प्रकाश सापळा टांगत होतो. सापळा म्हणजे फार मोठं यंत्र नाही: बॅटरीवर चालणारा बारका दिवा, त्याखाली छोटा पंखा आणि पंख्याखाली बारीक जाळीची पिशवी. दिव्याकडे आलेली माशी पंख्याच्या वाऱ्याने खाली ओढली जाते आणि पिशवीत अडकते. घरातल्या आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काय धरायलात, सर?" मी म्हटलं, "वाळूमाशी." आजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर. "इथं कुठली वाळू? वाळू तिकडं कयाधूला."

आजींचं बरोबर होतं. या माशीचं नाव इंग्रजी सँडफ्लायचं शब्दाला शब्द केलेलं भाषांतर आहे आणि मूळ नावच फसवं आहे. ती वाळूत राहत नाही, फक्त तिचा रंग वाळूसारखा. ती राहते भिंतीच्या भेगेत, माळवदाच्या घरातल्या काळोख्या कोपऱ्यात, शेणामुताने ओलसर झालेल्या गोठ्याच्या मातीत. डासासारखं साचलेलं पाणी तिला लागत नाही, त्यामुळे "कोरडा दिवस पाळा, रांजण उलटे करा" या मोहिमेचा तिच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. लांबी दोन ते तीन मिलिमीटर. अंगभर लव. बसली की पंख पाठीवर मिटून घेत नाही, उभे ठेवते. लांब पल्ल्याचं उडणं तिला जमत नाही, भिंतीवरून टुणटुण उड्या मारत जाते. जराही आवाज करत नाही. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ती सहज आत शिरते. आपल्याकडे तिला बहुतेक लोक चिलटातच काढतात, आणि चिलटाला कोण विचारतं?

ही प्रस्तावना ज्या पुस्तिकेला जोडली आहे ती कीटक समाहारक, आरोग्य सेवक, आशाताई आणि जिज्ञासू शिक्षक यांच्यासाठी आहे. रानात, गोठ्यात, घरात सापडलेल्या वाळूमाशीच्या पोटात रोगाचा जंतू आहे की नाही हे कसं शोधतात, हा तिचा विषय. कृती पुढच्या पानांवर आहेत. मला इथे फक्त एवढंच सांगायचं आहे की तपासणीच्या यंत्राने दिलेल्या "हो" आणि "नाही" या दोन्ही उत्तरांवर पटकन विश्वास ठेवू नये, आणि तो का ठेवू नये.

वाळूमाशीचं नाव घेतलं की वैद्यकीय पुस्तकं पहिल्यांदा काळा आजाराकडे जातात. त्याचा परजीवी लेश्मानिया डोनोव्हानी. लेश्मन या लष्करी डॉक्टरला तो डमडमच्या छावणीत राहून आलेल्या एका मृत सैनिकाच्या प्लीहेत दिसला, मद्रासमध्ये डोनोव्हानला स्वतंत्रपणे सापडला, दोघांनीही ते १९०३ मध्ये प्रसिद्ध केलं आणि रोनाल्ड रॉसने दोघांची नावं एकत्र बांधून परजीवीचं बारसं केलं. जंतू कळला, पण तो माणसातून माणसात नेतो कोण, हे कळायला पुढची चाळीस वर्षं गेली. आधी संशय ढेकणावर होता. मग १९२४च्या सुमारास सिंटन यांच्या लक्षात आलं की काळा आजाराचा प्रदेश आणि रुपेरी पायांच्या एका वाळूमाशीचा प्रदेश नकाशावर जुळतात. ही माशी म्हणजे फ्लेबोटोमस अर्जेंटिपिस, नावाचा अर्थच चांदीच्या पायांची. त्याच वर्षी कलकत्त्याला नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांनी रुग्णाचं रक्त प्यायलेल्या या माशीच्या आतड्यात परजीवी शेपटी फुटून वाढताना पाहिले.

इथे कुणालाही वाटेल, झालं, सिद्ध झालं. पण झालं नव्हतं. त्या माशा निरोगी प्राण्यांना आणि माणसांना चावायला लावल्या, वर्षानुवर्षं, आणि कुणाला काही होईना. अडचण कुठे होती ते स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उमगलं आणि त्याचं उत्तर मला आजही गमतीचं वाटतं: मनुका. प्रयोगशाळेत माशीला रक्त पाजायचे आणि पुन्हा रक्तच पाजायचे. रानातली माशी मात्र रक्ताच्या दोन जेवणांच्या मधे झाडांचा गोड रस पिते. मनुका दिल्यावर माशा जास्त जगल्या आणि त्यांच्या घशाशी परजीवींची इतकी दाटी झाली की पुढचा चावा घेताना ते बाहेर ढकलले जाऊ लागले. १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसाममध्ये अशा माशा स्वयंसेवकांना चावू दिल्या आणि त्या पाच जणांना काळा आजार झाला. पोटात जंतू दिसणं आणि रोग पसरवणं यांच्यात अठरा वर्षांचं अंतर होतं. ते अंतर ध्यानात ठेवावं, पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता मराठवाड्याकडे या. काळा आजाराचं घर बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि पूर्व उत्तर प्रदेश. हिवतापासाठी १९५३ पासून देशभर डीडीटी फवारलं गेलं, त्यात तिथली वाळूमाशीही मेली आणि रोग जवळपास दिसेनासा झाला. फवारणी थांबली आणि १९७७च्या आसपास बिहारमध्ये तो पुन्हा उसळला. महाराष्ट्र त्या पट्ट्यात नाही. चांदीच्या पायांची माशी मात्र महाराष्ट्रात आहे. मग वाहक असून रोग का नाही? एक उत्तर असं की परजीवीच इथे रुजलेला नाही. दुसरं असं की अर्जेंटिपिस या एका नावाखाली एकमेकींसारख्या दिसणाऱ्या भावकीतल्या अनेक जाती लपलेल्या आहेत आणि सगळ्या सारख्या वाहक नाहीत. म्हणजे "माशी सापडली" एवढ्यावर घाबरायचं कारण नाही, आणि "आपल्याकडे काळा आजार नाही" एवढ्यावर डोळे मिटायचंही नाही.

कारण याच माशीच्या कुळाने महाराष्ट्राला स्वतःच्या नावाचा एक आजार दिला आहे. १९६५ मध्ये नागपूर भागात डेंग्यू आणि चिकुनगुन्याची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले भट्ट आणि रॉड्रिग्ज यांना दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तात वेगळाच विषाणू मिळाला. नागपूरजवळच्या गावावरून त्याचं नाव चांदीपुरा. हे केंद्र भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठानने १९५२ मध्ये काढलं होतं, आज आपण त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतो. पुढे धांडा, रॉड्रिग्ज आणि घोष यांनी तोच विषाणू औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, वाळूमाशांमध्ये मिळाल्याचं १९७० मध्ये प्रसिद्ध केलं. मराठवाड्यातल्या माशीने तेव्हाच साक्ष दिली होती. ती कुणी फारशी मनावर घेतली नाही, कारण विषाणू तसा निरुपद्रवी समजला जात होता.

मग २००३ उजाडलं. जून ते ऑगस्टदरम्यान आंध्र प्रदेशात ३२९ मुलं मेंदूच्या तापाने आजारी पडली, १८३ दगावली. महाराष्ट्रातही त्याच वर्षी साथ होती. २००७ मध्ये नागपूर विभागात ७८ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले जवळपास ४४ टक्के वाचले नाहीत. २०२४च्या पावसाळ्यात मुख्यतः गुजरातेत मेंदूच्या तापाचे २४५ रुग्ण झाले, ८२ मृत्यू. या २४५ रुग्णांपैकी ६४ जणांत चांदीपुरा पक्का ठरला. रोगाची चाल भयंकर वेगाची असते. सकाळी ताप, दुपारी झटके, रात्री बेशुद्धी, आणि पुष्कळदा एक-दोन दिवसांत सगळं संपतं. लस नाही, खास औषध नाही. म्हणून हिंगोलीसारख्या जिल्ह्यात वाळूमाशी पकडायचं खरं कारण काळा आजारापेक्षा हे जास्त आहे, असं माझं मत आहे. पुस्तिकेच्या नावात परजीवी शब्द आहे आणि काटेकोर बोलायचं तर विषाणूला आपण परजीवीत धरत नाही. पण माशी एकच, सापळा एकच, पहाटे पिशवी सोडवणारा माणूसही एकच. दोन्ही शोध वेगळे ठेवले तर कष्ट दुप्पट होतील आणि मिळेल निम्मंच.

मात्र माशी एकच असली तरी तिला सांभाळायची रीत वेगळी आहे आणि इथेच अर्धे नमुने वाया जातात. परजीवीचा डीएनए टिकाऊ. माशी अल्कोहोलच्या नळीत टाकली की ती महिनाभर कपाटात राहिली तरी चालते. चांदीपुराचं जनुक आरएनएचं. जूनमधल्या हिंगोलीच्या उकाड्यात ते काही तासांतच विरघळू लागतं. त्याला थेट द्रवरूप नायट्रोजन किंवा कोरडा बर्फ हवा आणि थंडी न मोडता पुण्यापर्यंतचा प्रवास हवा. काय शोधायचं ते पिशवी उघडण्याआधी ठरलेलं पाहिजे. माश्या अल्कोहोलात गेल्यावर "विषाणूही बघता येईल का" असं विचारणं म्हणजे पेरणी झाल्यावर कोणतं पीक घ्यायचं याची चर्चा करणं.

पकडल्यावर पहिली ओळख. डोकं आणि शेपटीकडचे शेवटचे भाग कापून काचपट्टीवर घेतात, उरलेलं अंग तपासणीला जातं. मादीच्या घशातली दातांची ठेवण आणि वीर्यपिशवीचा आकार यांवरून जात ठरते. नराच्या शेपटीला आकड्यांची जोडी असते, ती साध्या भिंगातूनही दिसते. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते कुणी करायला मागत नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं सगळं आंधळं. कारण आपल्या घरांत मिळणाऱ्या वाळूमाशांत सर्जेंटोमायिया या गटातल्याच बहुतेकदा जास्त असतात, आणि त्यांना पालीचं, सरड्याचं रक्त आवडतं. पाली-सरड्यांनाही त्यांचे स्वतःचे लेश्मानिया असतात. माणसाला त्यांचा त्रास नाही. पण तपासणी ढोबळ असेल तर यंत्र म्हणतं "लेश्मानिया आहे", जिल्हा कार्यालयात फोन जातात, आणि प्रत्यक्षात सापडलेला असतो तो भिंतीवरच्या पालीचा पाहुणा. गंमत अशी की याच सर्जेंटोमायियांत चांदीपुरा विषाणू करीमनगरला आणि नंतर नागपूरलाही सापडला आहे. त्यामुळे पालीला चावणारी माशी म्हणून तिला फेकूनही देता येत नाही.

यंत्राबद्दल. आता सगळीकडे पीसीआर आहे आणि कोरोनानंतर तो शब्द आजींनाही माहीत झाला आहे. डीएनएचा ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा दुप्पट करत जायचा. तीस वेळा दुप्पट केला की एकाचे शंभर कोटींहून जास्त होतात. लेश्मानियाच्या बाबतीत तर एका पेशीत बारीक डीएनए-कड्यांच्या हजारो प्रती असतात, त्यांना धरलं तर एखादा परजीवीही सुटत नाही. ताकद हीच आणि धोकाही हाच. कालच्या तपासणीतला एक थेंब हातमोज्यावर राहिला, तर आजच्या सगळ्या नळ्या "हो" म्हणू लागतात.

खोट्या "हो"ची ही भीती फक्त आपल्यालाच नाही. याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वीय लहरी पकडायची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. तिथल्या शास्त्रज्ञांची सर्वांत मोठी काळजी लहर कशी पकडायची एवढीच नसते. रस्त्यावरून गेलेल्या ट्रॅक्टरला आपण दूरच्या कृष्णविवरांची टक्कर समजून बसलो तर काय, ही तितकीच मोठी असते. म्हणून दूर दूरच्या वेधशाळांत एकाच वेळी तीच थरथर दिसावी लागते. आपल्या गोठ्यातल्या कामात ट्रॅक्टर म्हणजे हातमोज्यावरचा थेंब.

तो ओळखायला उत्तम साक्षीदार म्हणजे नर वाळूमाशी. नर रक्त पीतच नाही, गोड रसावर जगतो. लेश्मानिया रक्तातूनच माशीत जातो, तेव्हा नराच्या अंगात तो असायचं कारण नाही. म्हणून प्रत्येक तपासणीत माद्यांच्या नळ्यांबरोबर एक नळी नरांची ठेवावी. नरांच्या नळीने "हो" म्हटलं, तर माद्यांच्या सगळ्या "हो" त्याच क्षणी बाद. गडबड गावात नाही, टेबलावर आहे.

आणि आता हाच नर चांदीपुराच्या कामात नेऊन ठेवा. प्रयोगशाळेत दिसलं आहे की हा विषाणू संसर्ग झालेल्या मादीकडून अंड्यात जातो आणि नराकडून समागमात मादीकडेही जातो. म्हणजे न चावणाऱ्या नरात विषाणू सापडला आणि टेबल स्वच्छ असल्याची खात्री पटली, तर ती मोठी बातमी. विषाणू माशीच्या वंशातूनच पुढे सरकतो आहे, मधे आजारी मूल नसलं तरी. एका शोधात जो साक्षीदार "इथे चूक आहे" सांगतो, तोच दुसऱ्या शोधात "मुळाशी मी आहे" सांगतो. नर माश्या निरुपयोगी म्हणून पिशवीतून झटकून टाकणारे मी पाहिले आहेत, आणि सुरुवातीला मीही तेच केलं.

मादीच्या "हो"चीही उलटतपासणी लागते. तिचं पोट रक्ताने तट्ट असेल, तर सापडलेला डीएनए फक्त तिच्या जेवणाचा असू शकतो. जेवणात परजीवी होते, ते पचून जाणार होते. रक्त पचल्यावरही, रिकाम्या पोटात, घशाशी शेपटीवाले परजीवी वळवळताना सूक्ष्मदर्शकातून दिसले तर गोष्ट वेगळी. त्यासाठी माशी जिवंत असताना सुईच्या टोकावर उकलावी लागते. डोळे आणि मान दुखवणारं काम. पण मनुकांची गोष्ट आठवा: पोटात असणं आणि पसरवणं यांच्यात अंतर आहे, आणि ते पीसीआरने मोजता येत नाही.

उरला "नाही". समजा एका हंगामात ३०० माद्या पकडल्या, तपासल्या, एकही सापडली नाही. निष्कर्ष काय? समजा हजार माद्यांत खरोखर एक बाधित आहे. तर ३०० तपासून काहीच न मिळण्याची शक्यता ७४ टक्के निघते. म्हणजे रोग असतानाही चारांतल्या तीन वेळा अहवाल कोरा येणार. "हजारात एकही नाही" असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणायचं तर सुमारे ३००० माद्या कोऱ्या निघाव्या लागतात. ज्यांनी रात्री सापळे लावून पहाटे पिशवीत मूठभर माश्या मोजल्या आहेत त्यांना या आकड्याचं वजन कळेल. खर्च वाचवायला वीस-वीस माश्या एका नळीत घालून तपासतात. ते ठीक आहे, फक्त नळी "हो" म्हणाली तर वीसपैकी एक की पाच हे कळत नाही, किमान एक एवढंच म्हणता येतं. दहापैकी एखादीच नळी बोलली तर हा हिशेब चालतो, आठ बोलल्या तर नळीत माश्या कमी करून काम पुन्हा करावं लागतं. जिल्ह्याच्या अहवालात "किती माश्या, कुठून, केव्हा" हे न लिहिता नुसतं "परजीवी आढळला नाही" लिहिलेलं वाक्य मला तरी कोऱ्या कागदासारखं वाटतं.

कुठून हे केव्हाइतकंच महत्त्वाचं. घरातल्या छताच्या पंख्याखाली, वाऱ्याच्या झोतात ही माशी येत नाही. घरातल्या माशा घरात, गोठ्यातल्या गोठ्यात, वेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. एरंडेल तेल लावलेला कागद भिंतीच्या भेगेशी टांगला तर दिव्याला न भुलणाऱ्याही चिकटतात. सकाळी काचेच्या नळीने ओढून घेतलेल्या भिंतीवरच्या माशा जमिनीपासून किती उंचीवर होत्या तेही लिहावं. काळा आजाराच्या पट्ट्यात फवारणी भिंतीवर सहा फुटांपर्यंतच करतात, ती याच सवयीवरून ठरली: ही माशी खालीच राहते. वसमतकडे हळदीच्या कामाच्या दिवसांत मजुरांच्या झोपड्या शेतातच असतात, जनावरंही तिथेच. तिथला एक सापळा गावातल्या सिमेंटच्या घरांतल्या पाच सापळ्यांहून जास्त बोलेल, असा माझा अंदाज आहे. तो खोटा ठरला तरी नोंद करावी.

त्या संध्याकाळचा सापळा आम्ही सकाळी सहाला उतरवला. आजींनी चहा दिला. पिशवीत डास होते, पाखरं होती, एक भुंगा, आणि तळाशी वाळूच्या रंगाच्या मोजक्या माशा, बहुतेक नर. त्यांना वेगळी नळी केली. चिठ्ठीवर गाव, तारीख, गोठा की घर, नर की मादी, पोट भरलेलं की रिकामं, एवढं लिहून ती नळीच्या आतच टाकली. शिसपेन्सिलीने, कारण अल्कोहोलमध्ये शाई विरघळते.